कुंडीतली मिरची दरवर्षी हिरवीच का अडकते?

पुण्यात आमच्या गच्चीवर सलग तीन वर्षं एकच गोष्ट घडत होती. जूनच्या शेवटी रोपं लावायची, गणपतीत फुलं दिसायची, दसऱ्यापर्यंत झाडं हिरव्या मिरच्यांनी लगडायची आणि मग सगळं तिथंच थांबायचं. दिवाळी जायची, तुळशीचं लग्न व्हायचं, पण मिरच्या हिरव्याच. संक्रांतीच्या सुमारास कंटाळून सगळ्या खुडायच्या आणि कागदाच्या पिशवीत केळ्याबरोबर ठेवायच्या. आठ दिवसांनी पिशवी उघडली की आत सुरकुतलेल्या हिरव्या मिरच्या. ना लाल, ना ठेच्याच्या कामाच्या.

तिसऱ्या वर्षी गडहिंग्लजहून यजमानांच्या आत्या आल्या. त्यांचं आयुष्य संकेश्वरी मिरचीच्या पट्ट्यात गेलेलं. झाडाशी वाकून त्यांनी विचारलं, "ही कुठली जात गं?"

मी म्हणाले, "आत्या, बाजारातून तिखट मिरचीची रोपं आणली होती."

"तसं न्हवं. जात कुठली? आन् ह्या मिरचीचं फूल कवा आलंतं?"

मला दोन्ही सांगता येईना. "मग ही पिकायची वेळ झाली का न्हाई, ते तुला कसं कळंल?" एवढंच म्हणून त्या चहाला गेल्या.

पुढच्या वर्षीपासून माझी पद्धत बदलली. गेली सहा वर्षं मी जे करते आहे आणि ओळखीच्यांना सांगते आहे, ते इथे लिहिते. मिरची पिकत नाही ही तक्रार बहुतेक वेळा मिरची ओळखता न येण्याची तक्रार असते. तिचं वय माहीत नाही, जात माहीत नाही, म्हणून आपण खताला, मातीला, नर्सरीवाल्याला दोष देत बसतो.

आधी वय मोजा

फूल उमलल्यापासून साधारण ३० ते ४० दिवसांत मिरची पूर्ण आकाराची होते. इथेच फसगत होते, कारण आकार पूर्ण झाला की आपल्याला ती तयार वाटते. लाल होण्यासाठी तिला अजून तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे आपल्या नेहमीच्या जातींना फुलापासून लाल रंगापर्यंत चांगल्या हवामानात ५० ते ६० दिवस धरायचे आणि थंडीत त्याहून जास्त. भूत जोलोकियासारख्या जहाल तिखट जातींना दोन महिने सहज लागतात, कधी त्याच्याही पुढे जातात.

यावर मी लोकरीचे तुकडे वापरते. दर रविवारी त्या आठवड्यात उमललेल्या दोन-तीन फुलांच्या देठाजवळ सैल गाठ मारते. पहिल्या आठवड्याला पिवळा दोरा, दुसऱ्याला निळा, असं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला रंग लिहून ठेवते. काही फुलं गळतात, पण उरतात तेवढ्यांवरून झाडाचा हिशेब कळतो. ज्या मिरचीला आपण "महिनोन् महिने हिरवीच आहे" म्हणत होतो, ती प्रत्यक्षात ३५ दिवसांची निघते आणि तिच्या शेजारची जुनी मिरची आपण आधीच भाजीत घातलेली असते. माझ्या पहिल्या तीन वर्षांतला अर्धा गोंधळ हाच होता.

दोरा बांधला नसेल तर एक मिरची उभी चिरून बघा. बी पांढरंशुभ्र, मऊ आणि ओलसर असेल तर मिरची कोवळी आहे. बी पिवळसर, चपटं आणि टणक झालं असेल तर ती आतून तयार आहे, लालीला फार वेळ नाही. बाहेरूनही खुणा मिळतात. साल चकाकते, बोटांनी दाबली तर कडक लागते आणि हिरव्यात तपकिरी-काळपट छटा येते. हा काळपट डाग बघून पुष्कळ जण घाबरतात आणि "सडायला लागली" म्हणून मिरची तोडून टाकतात. ती सड नसते. हिरवा रंग अजून गेलेला नसतो आणि आत लाल रंग तयार व्हायला लागलेला असतो, त्या दोघांच्या मिसळणीनं चॉकलेटी छटा दिसते. डाग सपाट आणि साल घट्ट असेल तर चार-सहा दिवस थांबा. डाग खोलगट आणि मऊ असेल तर मात्र वेगळं काहीतरी आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

खुडून घरात पिकवायची असेल तर

केळ्याबरोबर ठेवून टोमॅटो पिकतो, आंबा पिकतो. मिरचीचं तसं नाही. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं टोमॅटोच्या पिकण्याला जो जोर येतो, तसा मिरचीला येत नाही. झाडावर असताना तिनं रंग बदलायला सुरुवात केली असेल, निदान एखादा चॉकलेटी किंवा नारिंगी पट्टा आला असेल, तर खुडल्यानंतर घरातल्या उबेत ती चार ते आठ दिवसांत बरीचशी लाल होते. पूर्ण हिरवी आणि कोवळी खुडली तर सुकते, पिकत नाही. माझ्या पिशवीतल्या मिरच्यांचं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून नियम सोपा आहे. रंग फिरलेल्या मिरच्या वेगळ्या काढा, देठासकट ठेवा, परातीत एका थरात पसरा आणि स्वयंपाकघरात कोरड्या जागी ठेवा. फ्रीजमध्ये नको, कारण थंडीत रंग धरायचा थांबतो. कडक उन्हातही नको, तिथे पिकण्याआधी सुकते. ज्यांच्यावर रंगाचा मागमूस नाही त्या हिरव्या म्हणूनच वापरा.

डिसेंबरचा अडथळा

वय झालं आहे, बी पिवळं आहे, तरी मिरची लाल होत नाही, असं पुणे, नाशिक, नागपूर या बाजूला डिसेंबर-जानेवारीत हमखास होतं. मिरचीचा लाल रंग तयार व्हायला ऊब लागते. दिवस-रात्रीचं तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान असेल तर काम वेगानं होतं. पुण्यात डिसेंबरातल्या कित्येक रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, नाशिकला त्याहूनही खाली जातो. तेव्हा झाड मरत नाही, मिरची सडत नाही, फक्त सगळं संथ होतं. कोकणातल्या माझ्या बहिणीला हा प्रश्नच माहीत नाही. तिच्या अंगणात त्याच महिन्यात मिरच्या लाल होत असतात.

यावरचा खरा उपाय मे-जूनमध्ये असतो. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बी टाकलं, जूनअखेर रोप मोठ्या कुंडीत गेलं, तर सप्टेंबरातल्या फुलांची मिरची नोव्हेंबरात लाल होते, थंडीच्या आधी. बी पेरायला उशीर झाला, किंवा बाजारातून ऑगस्टमध्ये रोपं आणली, तर ती हमखास डिसेंबरात अडकणार.

उशीर झालाच असेल तर मी नोव्हेंबरच्या मध्याला झाडावरची नवी फुलं आणि बारीक कळ्या खुडून टाकते. पहिल्यांदा हात थरथरतो, पण त्या फुलांच्या मिरच्या थंडीत पिकणार नसतातच. झाडाची ताकद मग आधीच्या मिरच्यांना मिळते. कुंडी दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून ठेवते. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देत राहते. पाणी सकाळी द्यायचं, संध्याकाळी नाही, म्हणजे रात्री माती गारठत नाही. आणि या दिवसांत शेणखत, युरिया, नत्राची कुठलीही खतं बंद. नत्र जास्त झालं की झाड पानं काढत बसतं आणि मिरच्या ताटकळतात.

अजून एक गोष्ट मला उशिरा समजली. हिरव्या मिरच्याही हव्यात आणि लालही हव्यात, हे एकाच झाडाकडून दोन्ही पोटभर मिळत नाही. झाडावर मिरच्या पिकत ठेवल्या की नवी फुलं कमी येतात. म्हणून मी झाडं वाटून घेतली आहेत. दोन झाडं रोजच्या फोडणीसाठी, त्यांचा हिरवा तोडा सतत चालू असतो. तीन झाडं लालसाठी, त्यांचा फक्त पहिला छोटा तोडा हिरवा घेते, झाडाला फांद्या फुटाव्यात म्हणून, आणि मग हात लावत नाही.

लाल होतात, पण सडतात

हा पावसाळ्यातला त्रास. जानेवारीत लावलेली झाडं जून-जुलैत लाल व्हायला लागतात आणि नेमक्या लाल मिरच्यांवरच गोल, खोलगट, काळपट डाग पडतात. डागात एकात एक वर्तुळं दिसतात. ही फळकूज, कोलेटोट्रायकम नावाच्या बुरशीची. हिरव्या मिरचीत ती दबून राहते आणि पिकताना जोर धरते. पावसाचे शिंतोडे एका मिरचीवरून दुसरीवर तिला नेतात. म्हणून पावसाळ्यात झाडावर पूर्ण लाल होण्याची वाट बघू नका. रंग फिरताच खुडा आणि घरात पिकवा. डागाळलेल्या मिरच्या झाडाखाली टाकू नका, घराबाहेर काढा. आणि त्या मिरचीचं बी कितीही मोह झाला तरी ठेवू नका, ही बुरशी बियाण्यातून पुढच्या वर्षी येते.

सगळ्या हिरव्या असताना एकच मिरची वेळेआधी लाल झाली तर आनंद करण्यापूर्वी ती उलटसुलट करून बघा. देठाजवळ बारीक छिद्र असेल तर आत अळी आहे. टोकाला तपकिरी, चामड्यासारखा भाग असेल तर झाडाला कॅल्शियम नीट पोचत नाही, आणि कुंडीत त्याचं कारण बहुधा मातीत चुना कमी असणं हे नसतं, कधी कोरडी ठाक माती तर कधी चिखल, असं अनियमित पाणी हे असतं. जखमी मिरची लवकर रंगते. तिला पाहून बाकीच्या "मागे पडल्या" असं समजू नका.

उन्हाळ्यात फुलं गळतात ही तक्रार इथे दोन ओळींत संपवते. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की फुलं टिकत नाहीत. हिरवी जाळी लावा, सकाळी भरपूर पाणी द्या आणि पहिल्या पावसाची वाट बघा.

ही नेमकी कुठली मिरची?

आता आत्यांचा पहिला प्रश्न. आठवडी बाजारात रोपांचा वाफा एकत्र असतो, त्यात चार जाती मिसळलेल्या असतात. नर्सरीतल्या पाटीवर फार विसंबू नये. फूल आल्यावर मात्र झाड स्वतःच सांगतं.

आपल्या बहुतेक मिरच्या कॅप्सिकम अ‍ॅन्युअम या एकाच प्रजातीच्या आहेत. ढोबळी मिरचीही त्यातलीच. फूल स्वच्छ पांढरं, एका पेऱ्यावर बहुधा एकटं. ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी, भजीची जाडी मिरची, सगळ्या याच घरच्या. अपवाद आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'फुले ज्योती' या जातीला मिरच्या झुपक्यानं येतात, म्हणून केवळ झुपका बघून निष्कर्ष काढू नका.

ज्वाला ही दिल्लीच्या पुसा संस्थेची जात. फिकट हिरवी, लांब, वाकडी, सालीवर आडव्या सुरकुत्या. बाजारात हिरवी म्हणूनच दिसते, त्यामुळे ती लाल होते यावर लोकांचा विश्वास बसत नाही. प्रत्येक मिरची पिकते. हिरवी मिरची ही जात नाही, ती अवस्था आहे. ब्याडगीला सुरकुत्या भरपूर, रंग गडद, तिखटपणा कमी. डब्बी आखूड आणि फुगीर, कड्डी लांब आणि बारीक. संकेश्वरी लांब, सडपातळ, पातळ सालीची, तिला आमच्याकडे जवारी म्हणतात. ही पातळ साल पुढे वाळवताना फार उपयोगी पडते.

भजीच्या मिरचीबद्दल खास सांगते, कारण तिच्यावरून सर्वांत जास्त गैरसमज होतात. ती पोपटी असते, मग पिवळट होते, नारिंगी होते आणि शेवटी लाल. पिवळी पडली म्हणजे रोग नव्हे आणि ती "पिवळी जात"ही नव्हे. अजून आठवडाभर थांबलात तर लाल होईल.

मिरची आभाळाकडे तोंड करून उभी, बोटाच्या पेराएवढी, पाकळ्या हिरवट पांढऱ्या, आणि पिकल्यावर देठाची टोपी झाडालाच ठेवून अलगद हातात येत असेल, तर ती कॅप्सिकम फ्रुटेसेन्स असण्याची शक्यता मोठी. केरळात कांथारी म्हणतात ती यातली. आपल्याकडे लहान आणि तिखट दिसली की लवंगी म्हणायची सवय आहे, पण लवंगी नावाखाली दोन्ही प्रजातींची झाडं विकली जातात. फ्रुटेसेन्सचं झाड दोन-तीन वर्षं टिकतं, दर उन्हाळ्याआधी थोडं छाटलं की पुन्हा फुटतं. वर्षभरात उपटून टाकू नका.

तिसरी कॅप्सिकम चायनेन्स. एका पेऱ्यावर दोन ते पाच फुलं, पानं मोठी आणि चुरगळल्यासारखी, आणि देठाच्या टोपीखाली दोरा आवळल्यासारखी बारीक चुण्यांची कडी. कापली की फळासारखा वास येतो. हॅबनेरो आणि आपली ईशान्येकडची भूत जोलोकिया या घराण्यातल्या, भूत जोलोकियात फ्रुटेसेन्सचाही अंश आहे. नावावरून चीनची वाटते, पण मूळ अमेरिका खंडातलंच, बाकीच्या सगळ्या मिरच्यांसारखं. १७७६ साली याकिन या वनस्पतिशास्त्रज्ञानं गैरसमजातून हे नाव दिलं ते तसंच राहिलं. ही कडी ओळखायला शिका, कारण ती दिसली की या मिरचीशी वेगळं वागायला हवं.

शोभेच्या मिरचीवर एकाच वेळी जांभळ्या, पिवळ्या, नारिंगी, लाल मिरच्या दिसतात. हे चार रंग म्हणजे एकाच मिरचीचा प्रवास आहे. ती विषारी नाही, पण नर्सरीत शोभेच्या झाडांवर खाण्याचा विचार न करता औषधं मारलेली असतात. आणल्यावर असलेल्या मिरच्या टाकून द्या, नंतर घरी धरलेल्या खा. चवीला मात्र ती नुसतीच तिखट लागते, गंध नाही. मी ती खाण्यासाठी लावणार नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला, गोव्यातल्या काणकोणच्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. त्या नावानं रोप कुणी देऊ केलं तर कुठलं बी, कुणाच्या शेतातलं, एवढं विचारा. नाव लावलं म्हणून जात येत नाही.

हिरव्या मिरचीवर उन्हाच्या बाजूला जांभळट काळी छटा आली, तर तो कडक उन्हानं सालीत उतरलेला रंग आहे, पिकताना जातो. सालीवर तपकिरी बारीक भेगा असतील तर मिरची झपाट्यानं वाढल्यामुळे साल ताणली गेली आहे. हालापिन्यो या जाड सालीच्या परदेशी मिरचीला तर त्या असतातच. मात्र सालीवर चंदेरी खरचटल्यासारखे चट्टे आणि वर वळलेली पानं असतील तर फुलकिडे आहेत. पानं खाली वळत असतील तर कोळी ही बारीक कीड. यालाच आपण बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतो. पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूनं, संध्याकाळी, आठवड्याला एकदा. शेंडा पिवळा, पानं बारीक आणि झाड खुजं राहिलं असेल तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू आहे. ते झाड उपटा, बाकीची वाचतील.

लाल झाली, पण तिखटच नाही

"शेजारी ढोबळी लावली म्हणून माझी मिरची अळणी झाली," हे मी दर वर्षी ऐकते. यंदाच्या मिरचीवर शेजारच्या झाडाचा परिणाम होत नाही. संकर झाला तर तो बियांत होतो आणि पुढच्या पिढीत दिसतो. तिखटपणा ठरतो जातीवरून आणि झाडाला किती सुख दिलं त्यावरून. रोज भरपूर पाणी आणि खत मिळालेलं झाड मऊ मिरच्या देतं. मिरच्या पूर्ण आकाराच्या झाल्यावर पाणी थोडं हात राखून द्या. पानं सकाळी ताजी आणि दुपारी किंचित मलूल, इतपतच.

लाल झाल्यावर मिरची जास्त तिखट होते हीही अर्धी गोष्ट आहे. तिखटपणा बराचसा हिरव्या पण पूर्ण वाढलेल्या मिरचीतच आलेला असतो. पिकताना वाढतो तो गोडवा आणि रंग. आणि तिखट बियांत नसतं. ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात तिच्यात असतं. मिरची सौम्य हवी तर ती शीर चमच्यानं खरवडा.

वाळवताना बुरशी

चार किलो ओल्या मिरचीची साधारण एक किलो सुकी होते. गच्चीवरच्या पाच झाडांतून वर्षाचं तिखट निघेल अशी आशा धरू नका. एखाद्या बरणीपुरतं निघतं आणि त्याचा रंग विकतच्या तिखटाला नसतो, म्हणून मी ते जपून वापरते.

बुरशी येते ती दोन चुकांमुळे. एक, जाड सालीची मिरची अख्खी वाळवणं. संकेश्वरीसारखी पातळ मिरची अख्खी वाळते. भजीची किंवा हालापिन्यो बाहेरून वाळलेली दिसते आणि आत काळी पडते, ती उभी चिरूनच वाळवा. दुसरी चूक, रात्री बाहेर ठेवणं. थंडीत दव पडतं आणि दिवसभराचं ऊन वाया जातं. सूर्य मावळायच्या आत मिरच्या घरात. प्लॅस्टिकवर पसरू नका, खाली घाम धरतो. जुनी सुती साडी आणि तिच्याखाली बाज, याहून चांगलं काही नाही. लाल झालेली मिरचीही लगेच उन्हात टाकायची नाही. दोन-तीन दिवस घरात सावलीला पसरली तर रंग सारखा होतो आणि वाळल्यावर फटकी कमी निघते. फटकी म्हणजे पांढुरकी, रंग उडालेली मिरची. ती सगळी वेगळी काढा.

देठ मोडला तर कट्‌कन आवाज यायला हवा, हलवली तर बी खुळखुळायला हवं. मिरची वाकत असेल तर अजून ओल आहे. आत करडी किंवा हिरवट बुरशी दिसली तर पूर्ण मिरची टाका. डाग कापून उरलेली वापरायची नाही, बुरशीचं विष डागापुरतं राहत नाही आणि भाजूनही जात नाही. पावसाळ्यात वाळवायचीच असेल तर ओव्हन ५५-६० अंशांवर, दार किंचित उघडं, चिरलेल्या मिरच्या आठ-दहा तास. खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. तयार तिखट काचेच्या बरणीत, अंधारात, वर हिंगाचा खडा.

थोड्याच मिरच्या आहेत, काय करू?

गच्चीवर मिरच्या एकदम पिकत नाहीत, आज आठ, चार दिवसांनी बारा. वाळवण्याइतक्या नसतात आणि तोवर आधीच्या मऊ पडतात. माझ्याकडे यावर उपाय म्हणजे रंजका. पाव किलो होईपर्यंत लाल मिरच्या देठासकट फ्रीजमध्ये साठवते. मग धुऊन कापडावर पूर्ण कोरड्या करते, देठ काढते. त्यात २५ ग्रॅम मीठ, चार-पाच लिंबांचा रस, तेलात तळून कुटलेल्या मेथ्या चमचाभर आणि हिंग. पाणी न घालता जाडसर वाटायचं. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये. आठवड्यानं मुरतो. वाढताना वर कढत फोडणी.

यात कच्चा लसूण वाटून, तेलात बुडवून बाहेर महिनाभर ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. ती कृपया सोडा. तेलाखाली हवा लागत नाही आणि लसणातल्या ओलाव्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. वासावरून ते कळत नाही. लसूण हवा तर खाण्याच्या वेळी ठेचून घाला.

थंडीत अडकलेल्या हिरव्यांचं काय करायचं, तर जाड असतील त्यांच्या सांडगी मिरच्या. उभी चीर द्या, मीठ, मेथ्या, धणे यांची भरड, हिंग आणि लिंबू एकत्र करून भरा, फेब्रुवारीच्या उन्हात खडखडीत वाळवा आणि दहीभाताबरोबर तळून घ्या. बारीक असतील तर तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजा, लसूण, मीठ, हवे तर शेंगदाणे घालून खलबत्त्यात ठेचा. कोल्हापूरकडे याला खर्डा म्हणतात. मिक्सरमध्ये फिरवला तर लगदा होतो, तो ठेचा नव्हे, हे मी ठामपणे म्हणते.

देठाखाली कडी असलेली चायनेन्स निघाली तर तिच्या एका मिरचीचा छोटा तुकडा अख्ख्या आमटीला पुरतो. २००७ साली गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट म्हणून भूत जोलोकियाची नोंद झाली, तिखटपणा मोजण्याच्या स्कोव्हिल मापात १० लाखांच्या वर. हातमोजे घाला. हात भाजलेच तर आधी तेल चोळा, पुसा, मग साबण. तिखटाचं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. तोंड भाजलं तर दूध किंवा दही. पाण्यानं आग फक्त पसरते. डोळ्यात गेलं तर मात्र तेलबिल काही नाही, भरपूर स्वच्छ पाणी.

बी ठेवताना

रोपांची खात्री नसेल तर पुढच्या वर्षी स्वतःचं बी हवं. दोऱ्यानं खूण केलेल्या, झाडावरच पूर्ण लाल झालेल्या, निरोगी मिरचीचं बी काढा, सावलीत आठवडाभर वाळवा. बाजारातल्या संकरित रोपाचं बी ठेवलं तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत, हे धरून चाला. आणि गच्चीवर चार जाती असतील तर हव्या त्या फांदीला कळी उमलण्याआधीच जाळीदार कापडाची छोटी पिशवी बांधा. मिरची स्वतःच्या परागानं धरते, फांदी दिवसातून एकदा हलवली की पुरे. मिरच्या धरल्या की पिशवी काढा आणि त्यांनाच दोरा बांधा.

पाकिटावर मी जात, कुठून मिळालं, फुलाची तारीख आणि लाल झाल्याची तारीख लिहिते. आत्यांनी दिलेल्या बियांपासून आलेल्या संकेश्वरीच्या गेल्या वेळच्या पाकिटावर आहे : फूल १४ सप्टेंबर, चॉकलेटी पट्टा ७ नोव्हेंबर, पूर्ण लाल १६ नोव्हेंबर. त्यांना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता जरा पेरणी आठ दिस आधी कर."